तानपुरा कुठे गेला? क्लासच्या वेबसाइटवर थेट आवाज जोडताना या चुका टाळा

ओळखीच्या एका गाण्याच्या क्लासची वेबसाइट मी सांभाळतो. आधी तिथे फक्त रेकॉर्ड केलेले धडे होते. मग क्लास घेणाऱ्या ताई म्हणाल्या, तालीम थेटच व्हायला हवी. चेहरे दिसले नाहीत तरी चालेल, आवाज हवा. मला वाटलं, शनिवार-रविवारचं काम आहे. पहिल्या तासाला सहा जणी आल्या. दोघींना काहीच ऐकू येईना, एकीचा माइक लागेना, आणि जिचं सगळं नीट चाललं होतं ती म्हणाली, "ताई, तुमचा तानपुरा मध्येच गायब होतोय हो."

सुरुवात या तानपुऱ्यापासूनच करतो, कारण ही चूक सगळ्यात उशिरा कळते.

बोलण्यासाठीची सोय गाण्याला जशीच्या तशी वापरणं

ब्राउझरमधून थेट आवाज पाठवायची पद्धत म्हणजे वेबआरटीसी. बहुतेक तयार प्लगिनांच्या पोटात हीच असते, आणि ती बैठकीतल्या बोलण्यासाठी जुळवलेली असते. माइक सुरू झाला की सहसा तीन गोष्टी आपोआप लागू होतात: प्रतिध्वनी काढणं, गोंगाट दाबणं आणि आवाजाची पातळी सारखी करणं. गोंगाट ओळखायचा ढोबळ नियम असा, की जो आवाज न बदलता सलग येत राहतो तो पंख्याचा किंवा एसीचा. तानपुऱ्याचं कामच न बदलता सलग वाजत राहण्याचं! त्यामुळे पहिला बळी त्याचा जातो. लांबवलेला षड्जही थोड्या वेळाने बारीक होत जातो आणि विद्यार्थिनीला वाटतं, आपला दम कमी पडतोय. पातळी सारखी करणारी सोय तर हळू सुरू करून चढवत नेलेला आलाप सपाट करून ठेवते.

उपाय सोपा आहे. माइक मागताना इको कॅन्सलेशन, नॉइज सप्रेशन आणि ऑटो गेन कंट्रोल हे तिन्ही पर्याय बंद करा. ओपस हा आवाजाचा कोडेक, म्हणजे आवाजाची माहिती आटोपशीर करून पाठवायची पद्धत, 6 ते 510 केबीपीएसपर्यंत (सेकंदाला इतके हजार बिट) कुठेही चालतो. बोलण्याला 32 पुरतात, गाण्याला मी 96 ठेवले. इंग्रजी संभाषण किंवा गणित शिकवणाऱ्यांनी मात्र यातलं काही करू नये. त्यांना मूळ सेटिंगच बरं.

प्रतिध्वनी काढणं बंद केलं की स्पीकरवर ऐकणाऱ्या प्रत्येकीकडून ताईंचा आवाज त्यांच्याकडेच परत येतो. म्हणून इअरफोन सक्तीचा, आणि तोही वायरचा. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की तो फोनवर बोलायच्या मोडमध्ये जातो आणि ऐकू येणारा आवाजही डबक्यातून आल्यासारखा होतो. तीन हजारांचा हेडसेट घेतलेल्या एका विद्यार्थिनीच्या आईला हे पटवणं हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम होतं.

एकत्र गायचा हट्ट, विशेषतः परदेशातल्या विद्यार्थिनींबरोबर, तर सोडूनच द्या. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या प्रवासालाच 60 मिलिसेकंद. वळणावळणाच्या केबल आणि दोन्हीकडची प्रक्रिया धरली तर जाऊन-येऊन 250 सहज होतात. मिनिटाला 240 मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा बरोबर तेवढीच असते. विद्यार्थिनी तिच्या कानाप्रमाणे समेवर आली, तरी ताईंना ती मात्राभर उशिरा ऐकू येणार. आम्ही तानपुरा आणि ठेका तिच्याच फोनवर वाजू दिला. ताई म्हणतात, ती ऐकते, मग ती म्हणते. तालीम तशीही अशीच चालते.

"माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय"

ज्या दोघींना काहीच ऐकू येत नव्हतं, त्यातली एक ऑफिसच्या वायफायवर होती, दुसरी मोबाइल डेटावर. वेबआरटीसी शक्यतो यूडीपीने, म्हणजे पोच न बघता भराभर माहिती पाठवायच्या पद्धतीने, थेट वाट शोधतं. ऑफिसचा फायरवॉल यूडीपी अडवतो, आणि मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. अशा वेळी मध्ये टर्न सर्व्हर लागतो, म्हणजे दोन्हीकडचा आवाज घेऊन पुढे देणारा निरोप्या. नुसत्या स्टन सर्व्हरवर भागत नाही. तो फक्त तुमचा बाहेरचा पत्ता सांगतो. घरच्या वायफायवर स्टनवरच जुळतं, म्हणून ही उणीव आपल्याला दिसत नाही.

कोटर्न हा फुकट मिळणारा टर्न सर्व्हर छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या स्वतंत्र सर्व्हरवर) बसतो. तो 443 पोर्टवर, म्हणजे सुरक्षित वेबसाइटच्या नेहमीच्या दारावर, टीएलएस या कूटबद्ध पद्धतीनेही चालू ठेवा, कारण कडक फायरवॉलही तेवढं दार सहसा उघडं ठेवतो. मग चाचणीसाठी कोडमध्ये आयसीईचं (वाट शोधणाऱ्या यंत्रणेचं) धोरण 'फक्त रिले', म्हणजे सगळं टर्नमधूनच, असं करा. आवाज आला तर टर्न खरोखर चालतोय. नाही आला, तर तुम्ही आजवर नशिबावर तास घेत होतात. टर्नचा पासवर्ड पानाच्या कोडमध्ये कायमचा लिहू नका, थोड्या वेळात संपणारा द्या. नाहीतर तुमच्या बिलावर भलतेच लोक बोलत बसतील.

खर्चाची धास्ती नको. 32 केबीपीएसच्या बोलण्यावर पाकिटांच्या (आवाज ज्या तुकड्यांत जातो त्यांच्या) वेष्टनाचे साधारण 16 वाढतात. तासाचे एकेरी 22 एमबीसुद्धा होत नाहीत.

परवानगी चुकीच्या वेळी मागणं

पान उघडताक्षणी माइक मागितला की माणूस घाबरून 'नको' दाबतो, आणि ब्राउझर ते लक्षात ठेवतो. पुढच्या तासाला विचारतही नाही. आधी "तासाला या" असं मोठं बटण ठेवा आणि ते दाबल्यावर माइक मागा. याच बटणाने दुसरंही दुखणं जातं: स्पर्श केल्याशिवाय आवाज वाजू न देण्याचा नियम क्रोमने 2018 पासून लावलाय, आयफोनवर तो त्याहून जुना आहे.

माइक फक्त एचटीटीपीएसवर मिळतो. तुमच्या स्वतःच्या मशीनवर, लोकलहोस्टला, त्याशिवायही चालतो, म्हणून फसगत होते. तासाची खोली दुसऱ्या डोमेनवरून आयफ्रेममध्ये (पानातल्या चौकटीत) आणली असेल, तर आयफ्रेमच्या 'अलाऊ'मध्ये मायक्रोफोन लिहायला विसरू नका. मी विसरलो होतो, त्यात एक रविवार गेला. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकच्या आतच उघडणाऱ्या ब्राउझरमध्ये माइक बऱ्याचदा दगा देतो. लिंक क्रोम किंवा सफारीत उघडायला सांगा. तासात फोन आला तर माइक तुटतो, तेव्हा तो पुन्हा जोडायचं बटण हवंच.

तक्रार आली की पहिला प्रश्न एकच विचारा: "तुम्हाला ऐकू येत नाही, की तुमचं ऐकू जात नाही?" पहिलं असेल तर बटण, आवाजाची पातळी, इअरफोन बघा, दुसरं असेल तर परवानगी. दोन्ही असेल तर टर्न. आवाज तुटत असेल तर क्रोममधलं 'वेबआरटीसी इंटर्नल्स' हे आतलं पान उघडून किती पाकिटं हरवतायत ते बघा.

स्वस्तात बसवायची घाई

साध्या शेअर्ड होस्टिंगवर, जिथे तुमचं वर्डप्रेस आहे, तिथे आवाजाचा सर्व्हर बसत नाही. यूडीपीचे पोर्ट उघडे लागतात: जित्सी या फुकट व्हिडिओ-बैठकीच्या सॉफ्टवेअरला 10000, बिगब्लूबटन या ऑनलाइन वर्गाच्या सॉफ्टवेअरला 16384 ते 32768. सर्व्हर टाळून सगळ्यांना एकमेकींशी थेट जोडलं, तर आठ जणींत प्रत्येकीच्या फोनला सात ठिकाणी आवाज पाठवावा लागतो. चौघींपर्यंत ठीक, पुढे फोन तापतो. जित्सीची फुकट सार्वजनिक खोली आपल्या पानात बसवायचा मोह मलाही झाला, पण 2023 पासून तशी बसवलेली खोली पाच मिनिटांत तुटते.

रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी सांगा आणि पडद्यावर तशी खूण दिसू द्या. 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती हाताळायला पालकांची पडताळलेली संमती लागते, असं 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो. मुलाचा आवाजही त्यात आला. क्रोममध्ये केलेल्या वेबएम प्रकारच्या रेकॉर्डिंग-फाइलमध्ये लांबी नोंदलेलीच नसते, त्यामुळे पुढे-मागे सरकवता येत नाही. एफएफएमपेग या फुकट साधनातून एकदा नुसती कॉपी करून काढली की दुरुस्त होते.

आणि वेळ. आमच्या दोन विद्यार्थिनी न्यू जर्सीत आहेत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचं घड्याळ तासभर मागे जातं, आपलं जागचं हलत नाही. मी वेळापत्रकात साडेनऊ तासांचा फरक आकड्याने लिहून ठेवला होता. त्या रविवारी दोघी ठरलेल्या वेळी आल्या, तेव्हा ताई तास संपवून चहा घेत होत्या. आता वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवतो, प्रत्येकीला तिच्या फोनच्या घड्याळाप्रमाणे दाखवतो आणि शेजारी कंसात भारतीय वेळही छापतो.