किल्लीचा ठसा घेण्यासाठी घरी बनवायची हातमूठ

कुलूप न खोलता आणि मूळ किल्ली हाती नसताना नवी किल्ली घडवण्याची एक जुनी रीत आहे. कोरी, म्हणजे खाचा न पाडलेली, किल्ली कुलपात घालायची, ती फिरवण्याचा दाब ठेवून अगदी थोडी वरखाली हलवायची, बाहेर काढून पात्यावर कुलपातल्या पिनांच्या खुणा शोधायच्या आणि जिथे खूण असेल तिथेच कानस मारायची. हे पुन्हापुन्हा करत गेले की शेवटी कुलूप फिरते आणि हातात चालू किल्ली उरते. आपल्याकडे बसस्थानकाबाहेर छत्री लावून बसणारा किल्लीवाला हेच काम पकड, एक झिजलेली कानस आणि अनुभव एवढ्यावर करतो. युरोपात मात्र त्याला खेळाचे रूप आले आहे. जर्मनीत १९९७ साली हॅम्बुर्ग येथे अशा छंदिष्टांची संघटना उभी राहिली, आणि नेदरलँड्समधील ‘टूल’ या संस्थेच्या मेळाव्यात ठसा घेऊन किल्ली घडवण्याच्या वेळ लावून स्पर्धा होतात.

या खेळाचे दोन नियम जगभर पाळले जातात, आणि ते इथेही पाळलेच पाहिजेत. कुलूप स्वतःचे असावे किंवा मालकाने स्पष्ट परवानगी दिलेली असावी. शिवाय ते कुठल्याही चालू दारावर, कपाटावर किंवा गाडीवर लावलेले नसावे. सरावासाठी भंगारवाल्याकडून वजनावर एखादे पितळी सिलिंडर कुलूप घ्यावे. ठसा घेताना पिना झिजतात, क्वचित किल्ली आतच तुटते, म्हणूनही घराच्या दारावर हा प्रयोग करणे शहाणपणाचे नाही.

या कामात कोरी किल्ली धरणारी मूठ नेमकी कशासाठी, हे आधी समजून घ्यावे, कारण पुढची सगळी मापे त्यावरच ठरतात. लायनस येल यांनी १८६१ साली पेटंट घेतलेल्या चपट्या किल्लीच्या कुलपात स्प्रिंगने दाबलेल्या पिनांच्या जोड्या असतात, आणि प्रत्येक जोडीतला सांधा आतल्या फिरत्या गाभ्याच्या कडेशी आला की गाभा फिरतो. किल्लीवर फिरवण्याचा दाब दिला की सांध्याच्या जागी न आलेली पिन गाभा आणि बाहेरचे घर यांच्यात अडकते, आणि मग किल्ली वरखाली हलवली की त्या अडकलेल्या पिनेचे टोक मऊ पितळावर उमटते. म्हणजे किल्लीला एकाच वेळी दोन हालचाली द्याव्या लागतात. नुसत्या चिमटीत धरलेल्या किल्लीने बोटे दहा मिनिटांत दुखू लागतात, आणि दुखऱ्या बोटांना दाब कमीजास्त झालेला कळत नाही. ग्रिप प्लायरने काम होते, पण तो जड असतो. त्याच्या वजनाखाली पिनेची बारीक कुरबुर हाताला जाणवत नाही, आणि जोर किती लागतो आहे हे कळायच्या आत पितळी पाते पहिल्या खाचेपाशी मोडते. तेव्हा मूठ बळकट असण्यापेक्षा ती हलकी असणे, आणि तिने किल्लीला केसभरही न हलू देणे, अधिक महत्त्वाचे आहे.

सामान थोडे आहे. वीस मिलिमीटर रुंद आणि पाच मिलिमीटर जाड लोखंडी सपाट पट्टीचे दोन तुकडे लागतील, एक १४० मिलिमीटर लांब आणि दुसरा ४५. एम ५ आणि एम ४ मापाचा एकेक ॲलन बोल्ट, त्यांचे आटे पाडायचे टॅप, तीन मिलिमीटर जाडीची पितळी सळई, दोन नळ्यांतून येणारा इपॉक्सी गोंद, बारीक एमरी कापडाचा तुकडा आणि मुठीसाठी लाकूड. जळगाव, भुसावळ, धुळे यांपैकी कुठल्याही औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या दुकानात पट्टी कापून मिळते. लाकडाबाबत माझे मत ठाम आहे: बाभळीच्या गाभ्याचे, चांगले वाळलेले लाकूड घ्यावे. आपल्याकडे नांगर, वखर आणि गाडीचे भाग बाभळीचे करत आले, ते उगाच नाही. कडेचे पांढरे लाकूड मात्र भुंगा पोखरतो, म्हणून ते टाकून आतला लालसर भागच ठेवावा. सातपुड्याच्या बाजूचे अंजन याहून कठीण असते, पण ते जड, आणि कानशीला दाद देत नाही. संपूर्ण लोखंडी मूठ करण्याचा मोह टाळावा, कारण खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे झुकतो तेव्हा घामेजलेल्या तळहातात गुळगुळीत लोखंड फिरते, लाकूड फिरत नाही.

प्रथम आपल्या कोऱ्या किल्लीचे डोके मोजावे. पुढील मापे साधारण पंचवीस मिलिमीटर लांबीच्या डोक्यासाठी आहेत. आपली किल्ली वेगळी असेल तर भोकांच्या जागा त्याप्रमाणे सरकवाव्यात. लांब पट्टी हा खालचा जबडा आणि मुठीचा कणा, तर आखूड पट्टी हा वरचा जबडा. दोन्ही तुकडे पुढच्या कडा जुळवून एकत्र व्हाइसमध्ये पकडावेत आणि वरच्या पट्टीवर, बरोबर मध्यरेषेवर, पुढच्या कडेपासून ८ आणि २२ मिलिमीटरवर पंच मारावा. पहिल्या जागी ३.३ आणि दुसऱ्या जागी ४.२ मिलिमीटरचे भोक दोन्ही पट्ट्यांतून आरपार पाडावे. मग पट्ट्या सुट्या करून फक्त वरच्या जबड्याची भोके अनुक्रमे ४.५ आणि ५.५ मिलिमीटर करावीत. खालच्या जबड्यात एम ४ आणि एम ५ चे आटे पाडावेत. टॅपला तेलाचा थेंब द्यावा, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असे घ्यावे, म्हणजे कीस अडकून टॅप मोडणार नाही. भोके एकत्र पाडल्याचा फायदा इथे दिसतो: बोल्ट सरळ बसतात आणि वरचा जबडा तिरपा होत नाही.

पुढचा बारीक बोल्ट किल्लीच्या कडीच्या भोकातून जातो. मागचा जाड बोल्ट खरा दाब देतो. या दोन्हींपेक्षा महत्त्वाची आहे ती जबड्याच्या शेपटाखालची टेकण. बोल्ट आवळला की वरची पट्टी तरफेसारखी वागते. पुढे किल्ली आणि मागे काहीच नसेल तर शेपूट खाली दबते, पुढचे तोंड उघडते आणि किल्ली केवळ एका कडेवर धरली जाते. म्हणून मागच्या टोकाखाली, ३८ मिलिमीटरच्या आसपास, किल्लीच्या डोक्याइतकाच जाड तुकडा चिकटवावा, आणि तो कणभर जाड असला तर उत्तमच. मी जुन्या किल्लीचे कापलेले डोके आणि त्याखाली पत्र्याच्या डब्याची एक पट्टी असा थर दिला आहे. लेथ किंवा ड्रिलच्या टेबलावर काम बांधणारा कुणीही फिटर हे तत्त्व ओळखेल: बोल्ट कामाच्या जवळ, टेकण लांब.

माझ्या पहिल्या मुठीत एकच बोल्ट होता आणि टेकण नव्हती. किल्ली जबड्यात घट्ट वाटत होती, तरी पात्यावरच्या खुणा टिंबासारख्या न येता तिरक्या, लांबट रेघांसारख्या येत होत्या. मी त्या खऱ्या मानून कानस मारत राहिलो आणि तीन कोऱ्या किल्ल्या वाया घालवल्यावर लक्षात आले की वरखाली हलवताना किल्लीचे डोके जबड्याच्या आत, त्याच पातळीत, किंचित फिरत होते. म्हणून आता दोन्ही जबड्यांच्या आतल्या तोंडांना एमरी कापडाचे तुकडे गोंदाने चिकटवतो. डोक्यावर ओरखडे येतात, त्याला इलाज नाही.

जबड्याच्या पुढच्या कडा दोन्ही बाजूंनी कानशीने उतरत्या कराव्यात, म्हणजे खांद्याजवळची (डोके संपून पाते सुरू होते तिथली) खाच घासताना कानस जबड्याला आपटणार नाही. किल्लीचा खांदा आणि जबडा यांत सात-आठ मिलिमीटर अंतर राहिले पाहिजे. खालून बोल्टचे टोक बाहेर येत असेल तर ते कापून सपाट करावे.

आता मूठ. कण्याच्या मागच्या ९५ मिलिमीटर भागावर दोन्ही बाजूंनी बारा मिलिमीटर जाडीच्या फळ्या बसवायच्या आहेत. कण्यात आणि फळ्यांत समोरासमोर तीन मिलिमीटरची दोन भोके पाडावीत, पट्टी एमरीने खरबरीत करून पुसून घ्यावी, गोंद लावून फळ्या बसवाव्यात आणि पितळी सळईचे तुकडे आरपार ठोकून दोन्ही तोंडे हातोडीने हलकेच फुलवावीत. उन्हाळ्यात गोंद भराभर घट्ट होतो, तेव्हा तो सकाळी आणि लागेल तेवढाच कालवावा. आकार गोल करू नये. रुंदी अठ्ठावीस मिलिमीटरच्या आसपास ठेवायची तर फळ्या कण्यापेक्षा रुंद घ्याव्यात. जाडी एकोणतीसवरून घासून बावीसपर्यंत आणावी, म्हणजे चपटा लंबगोल आकार मिळतो आणि डोळे मिटूनही पाते कुठल्या पातळीत आहे ते तळहाताला कळते. लांबीचा हव्यास नको. फिरवण्याचा जोर मुठीच्या रुंदीने ठरतो, लांबीने नव्हे. लांबी वाढवली की फक्त वरखाली हलवण्याची तरफ वाढते, आणि किल्ली मोडते ती त्याच हालचालीत. शेवटी काचकागदाने घासून जवसाच्या तेलाचे दोन हात द्यावेत. व्हार्निश लावू नये, ते घामात चिकट होते.

वापरण्यापूर्वी एक चाचणी करावी. किल्ली मुठीत आवळल्यावर तिच्या डोक्यावरून सरळ जबड्यावर जाईल अशी एक बारीक रेघ टोकदार मार्करने ओढावी. पाते व्हाइसमध्ये, दोन लाकडी चिपांच्या मध्ये, धरून मूठ नेहमीच्या जोराने वरखाली हलवावी आणि रेघ भिंगातून पाहावी. रेघ तुटली, अगदी केसाच्या जाडीने सरकली तरी, बोल्ट किंवा टेकण पुन्हा जुळवावी. रेघ अखंड राहीपर्यंत कुलपाकडे जाऊ नये.

त्यानंतरचे काम कानशीचे आणि डोळ्याचे आहे. जळगावच्या सराफ बाजाराच्या आसपास सोनारकामाचे सामान विकणाऱ्यांकडे बारीक अर्धगोल कानस मिळते. स्विस पद्धतीच्या कानशीवरचा आकडा जितका मोठा तितके दाते बारीक, आणि या कामाला चार क्रमांकाची योग्य. तिथेच घड्याळजी डोळ्याला लावतात तसले दहापट दाखवणारे भिंगही मिळेल. पात्याची वरची कड आधी एकसारखी घासून मंद, जाळीदार पोत आणावा, कारण चकचकीत पितळावर खूण दिसत नाही. किल्ली पूर्ण आत घालून फिरवण्याचा बेताचा दाब द्यावा, वरखाली हलवावे, मग दाब उलट दिशेला देऊन तेच करावे. बाहेर काढून दिव्याखाली मूठ हळूहळू कलती करावी. एका विशिष्ट कोनात, मंद पृष्ठभागावर, टाचणीच्या टोकाने टोचल्यासारखा एक चमकता ठिपका उजळतो आणि कोन बदलताच नाहीसा होतो. तीच खूण. तिच्यावर कानशीचे दोन-तीनच हात मारावेत, पुन्हा घालावे, पुन्हा पाहावे. एखादी पिन खूण देईनाशी झाली की ती बहुधा आपल्या जागी आली आहे. तिथे आणखी घासायचे नाही, कारण एकदा खोल गेलेली खाच भरून काढता येत नाही.

मूठ बोटांच्या चिमटीने हलकी धरावी, सगळ्या पंजाने आवळून नव्हे. पहिल्या काही दिवसांत जोर जास्तच लागतो, आणि पाते वळू लागल्याची पहिली खूण म्हणजे किल्ली कुलपातून बाहेर येताना अडखळणे. तसे झाले की ती बाजूला ठेवून नवी कोरी किल्ली घ्यावी आणि आतापर्यंतच्या खाचा जुन्या किल्लीवरून मोजून नवीवर उतरवाव्यात. प्रत्येक बैठकीनंतर जबडे उघडून पितळाचा कीस ब्रशने झाडावा. एमरी कापडाच्या दाण्यांत तो अडकून बसला की पकड ढिली होते, आणि रेघेची चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.