रेडिएटरची निगा: पाणी ओतण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

मोटारीच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. जवळपास तेवढीच उष्णता सायलेन्सरवाटे बाहेर पडते आणि उरलेल्यापैकी बरीचशी इंजिनाच्या धातूत शिरते. ती वेळेवर काढून घेतली नाही तर ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकते, हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनाच्या सांध्यातील पातळ सील) जाते आणि एका रबरी नळीच्या किमतीत निभावले असते ते काम इंजिन खोलण्यापर्यंत पोहोचते. तरीही रेडिएटरची निगा म्हणजे अधूनमधून झाकण उघडून पाणी ओतणे, हा समज आपल्याकडे अजून पक्का आहे. आजच्या गाडीतील ही यंत्रणा बंदिस्त असते आणि दाबाखाली चालते. तिच्यात वरचेवर काही ओतावे लागत असेल, तर ती निगा नसून बिघाडाची खूण आहे.

वॉटर पंप कूलंटला, म्हणजे इंजिन निववणाऱ्या द्रवाला, सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांतून फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो; साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान त्यातील मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि तापलेले कूलंट वरच्या जाड नळीने रेडिएटरमध्ये येते. तिथे ते चपट्या, बारीक नळ्यांतून जाताना त्यांना जोडलेल्या पातळ पत्र्यांना, म्हणजे फिनना, उष्णता देते, समोरून येणारी हवा ती वाहून नेते आणि निवलेले कूलंट खालच्या नळीने इंजिनाकडे परतते. गाडी धावत असताना हवा आपोआप मिळते. थांबलेली असताना ते काम मागचा पंखा करतो. हा एवढा भेद ध्यानात ठेवला तरी निम्मे निदान घरी होते. सिग्नलवर आणि वाहतूक कोंडीत तापमानाचा काटा चढतो पण महामार्गावर उतरतो, तेव्हा दोष बहुधा पंख्यात, त्याच्या रिलेत किंवा फ्यूजमध्ये असतो. शहरात सुरळीत चालणारी गाडी महामार्गाच्या वेगात किंवा चढावर तापते, तेव्हा नळ्या क्षारांनी चोंदल्या आहेत, फिन मातीने बुजल्या आहेत किंवा पंप थकला आहे, असा संशय आधी घ्यावा.

झाकण हा या यंत्रणेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तेवढ्या बारचा दाब ते आत राखते. उंचावर पाणी लवकर उकळते, महाबळेश्वरला तर उघड्या भांड्यातील पाणी साधारण ९५-९६ अंशांनाच उकळू लागते, आणि दाबाखाली याच्या उलट घडते: ०.९ बारच्या जादा दाबात साधे पाणीही सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही आणि निम्मे ग्लायकोल (कूलंटमधील मुख्य रसायन) असलेले कूलंट १२५ अंशांच्या पुढेही टिकते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली की हे संरक्षण जाते आणि बाकी सगळे धडधाकट असूनही कूलंट उकळून बाहेर येते. म्हणून झाकण बदलताना त्याच आकड्याचे घ्यावे. जास्त आकड्याचे झाकण लावल्यास जुन्या नळ्या आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांचे सांधे फुटू शकतात. तापलेल्या इंजिनाचे झाकण मात्र कोणत्याही कारणाने, फडके धरूनसुद्धा, उघडू नये. दाब सुटताच आतले द्रव तत्क्षणी उकळते आणि चेहऱ्यावर व हातावर उसळते.

आता पाण्याविषयी थोडे विस्ताराने, कारण महाराष्ट्रातील बहुतेक रेडिएटर पाण्यानेच खराब होतात. उष्णता वाहून नेण्यात साधे पाणी ग्लायकोलच्या मिश्रणापेक्षा सरस असते, हे खरे आहे. कूलंट वापरायचे ते त्यातील गंजरोधक द्रव्यांसाठी आणि वाढलेल्या उत्कलनबिंदूसाठी. गोठण्याचा धोका आपल्याकडे जवळपास नसल्यामुळे कूलंटची गरजच नाही, हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे. मराठवाड्यात, विदर्भात किंवा सोलापूरकडे बोअरचे पाणी ज्या बादलीत साठवले जाते तिच्या कडेवर पांढरा थर धरतो; तोच थर रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत आणि हेडच्या पोकळ्यांत साचतो. हा थर उष्णता अडवतो, तर पाण्यातील क्लोराइड ॲल्युमिनियमला भोके पाडतात. त्यामुळे सांद्र कूलंट पातळ करण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे; बॅटरीत घालायचे पाणी म्हणून ते स्पेअर पार्टच्या दुकानात सहज मिळते. मात्र बॅटरीचे आम्ल आणि बॅटरीचे पाणी हे दोन कॅन शेजारी ठेवलेले असतात, तेव्हा लेबल वाचूनच घ्यावे.

कूलंट निवडताना रंगावर विसंबू नये. हिरवे, लाल, गुलाबी, निळे हे रंग उत्पादक आपापल्या सोयीने देतात. खरा भेद गंजरोधकांच्या रसायनात असतो आणि भिन्न प्रकार मिसळले तर एकमेकांचा गुण मारतात, क्वचित गाळही धरतो. गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेला प्रकार घ्यावा आणि डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ यांसारख्या मानकाचा उल्लेख आहे की नाही, ते पाहावे. थेट वापरायचे तयार मिश्रण आणि पातळ करून वापरायचे सांद्र कूलंट यांतील फरकही लेबलावरच असतो; तयार मिश्रणात पुन्हा पाणी घालणे म्हणजे पैसे देऊन संरक्षण कमी करणे होय. जुन्या प्रकारची कूलंटे साधारण दोन वर्षांत बदलावी लागतात, नवी सेंद्रिय आम्लांवर आधारलेली पाच वर्षे किंवा त्याहून अधिक टिकतात, तरी अंतिम शब्द माहितीपुस्तिकेचा मानावा.

आठवड्यातून एकदा, सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना पारदर्शक टाकीतील पातळी किमान आणि कमाल या खुणांच्या मध्ये आहे का, ते पाहावे. रंग गढूळ किंवा तांबूस झाला असेल तर गंज सुरू झाला आहे. वर तेलकट तवंग दिसला तर गॅस्केटची तपासणी लगेच करून घ्यावी. नळ्या दाबून पाहाव्यात, त्या फार कडक किंवा फार मऊ लागू नयेत, आणि क्लिपांजवळ वाळलेल्या कूलंटचे पांढरट वा रंगीत डाग शोधावेत. फिन पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यापूर्वी अवश्य स्वच्छ कराव्यात. ऊस वाहतुकीच्या हंगामात रस्त्यावरचे पाचट आणि धूळ, कापसाच्या पट्ट्यात तंतू, तर कोकणात आणि गोव्यात खारी हवा, असे प्रत्येक भागाचे उपद्रव वेगळे आहेत. साध्या नळीने हलक्या धारेचे पाणी शक्यतो इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला सोडावे. सर्व्हिसिंग सेंटरमधील जोरदार फवारा जवळून मारल्यास फिन आडव्या पडतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. हात घालण्यापूर्वी चावी काढलेली असावी, कारण विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

कूलंट घरी बदलायचे असेल तर थंड इंजिनावर झाकण उघडावे, खालचा निचऱ्याचा बूच सैल करावा आणि जुने द्रव रुंद टबात घ्यावे. येथे एक हिशेब बहुतेक जण विसरतात: रेडिएटर रिकामा झाला तरी इंजिनाच्या पोकळ्यांत बरेच द्रव उरते. ऊर्ध्वपातित पाणी भरून, हीटर (तोही याच कूलंटच्या उष्णतेवर चालतो) पूर्ण गरमवर ठेवून, वरची नळी तापेपर्यंत इंजिन चालवावे, निवू द्यावे, पुन्हा निचरा करावा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत हे करत राहावे. यानंतर आत उरलेले जवळपास शुद्ध पाणीच असते. पाच लिटर क्षमतेच्या गाडीतून अडीच लिटरच बाहेर आले असेल, तर अडीच लिटर सांद्र कूलंट भरले की प्रमाण निम्मेनिम्मे होते. तयार मिश्रण भरले तर ते पाव भागावर येते. शेवटी हवा काढणे महत्त्वाचे आहे. झाकण उघडे ठेवून, पंखा एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत, बुडबुडे थांबेस्तोवर हळूहळू भरत जावे. ज्या गाड्यांत दाबाची टाकी किंवा हवा काढण्याचा वेगळा स्क्रू असतो, त्यांत पुस्तिकेतील क्रम पाळावा. काढलेले कूलंट उघड्यावर ओतू नये. इथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन दगावतात, लहान मुलांनाही तोच धोका असतो.

दोन प्रचलित उपायांना माझा स्पष्ट विरोध आहे. गळती थांबावी म्हणून रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची जुनी रीत आडरानात गाव गाठण्यापुरती क्षम्य आहे, पण तीच पूड हीटरच्या बारीक नळ्यांतही अडकते. दुसरा उपाय म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे. त्याने काटा खाली येतो, मूळ दोष मात्र झाकला जातो, शिवाय इंजिन गरजेपेक्षा थंड चालल्याने इंधन जास्त लागते आणि झीज वाढते.

कसारा किंवा आंबोलीसारखा घाट उन्हाळ्यात भरल्या गाडीने चढताना काटा मध्यापलीकडे सरकू लागला, तर एसी बंद करावा आणि खालचा गिअर घ्यावा. बहुतेक गाड्यांत पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर चालत असल्याने वरच्या गिअरमध्ये रेटत राहिल्यास कूलंटचा प्रवाह नेमका गरजेच्या वेळी मंदावतो. हीटर पूर्ण गरमवर चालू केल्यास थोडी उष्णता आत निघून जाते. अशा वेळी हीटरमधून थंड हवा आली तर कूलंटच उरलेले नाही असे समजावे. काटा लाल पट्ट्यात गेला, लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे आणि बोनेट वाफ ओसरल्यावरच उघडावे. किमान अर्धा-पाऊण तास वाट पाहून, वरची नळी हाताला गार लागल्यावर, झाकण हळूहळू सोडावे. जवळ दुसरे काही नसल्यास पिण्याचे पाणी थोडे थोडे घालावे, कारण थंड पाण्याचा लोट तापलेल्या धातूला तडा देऊ शकतो, आणि पोहोचल्यावर सगळे काढून योग्य कूलंट भरावे. पाणी घालूनही पातळी लगेच उतरली, सायलेन्सरमधून सतत पांढरी वाफ येऊ लागली किंवा ऑइलच्या काडीवर दुधट फेस दिसला, तर गाडी पुन्हा सुरू न करता टो करूनच गॅरेजला न्यावी.