पावसाळ्यात न डगमगणारा पीएच ॲम्प्लिफायर: नवशिक्यांसाठी

क्षीण सिग्नलचा ॲम्प्लिफायर करायला बसलं की हात आधी गेनच्या (सिग्नल किती पट वाढवायचा त्याच्या) गणिताकडे जातो. तो थांबवा. पहिला प्रश्न सेन्सरच्या स्वतःच्या रोधाचा. खाजनातल्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या) पाण्याचा पीएच मोजायचा म्हटलं तर काचेचा इलेक्ट्रोड २५ अंश सेल्सिअसला एका पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट देतो. व्होल्टेज तसं कमी नाही, पण ते येतं सुमारे १०० मेगओहमच्या मागून, आणि सगळी गोची तिथेच आहे.

कॉलेजच्या लॅबमध्ये हाताशी असतो तो एलएम३५८ हा ऑप-ॲम्प (ॲम्प्लिफायरची चिप). त्याचा बायस करंट (इनपुटच्या पिनेतून वाहणारा किंचित करंट) काही दहा नॅनोॲम्पिअर. १०० मेगओहमवर त्याचेच काही व्होल्ट होतात, सिग्नल बुडतो. ‘लो नॉइज’ म्हणून एनई५५३४ आणाल तर आणखी फसाल: त्याचा बायस करंट शेकडो नॅनोॲम्पिअर. टीएल०७२ चा ६५ पिकोॲम्पिअर बरा वाटतो, तरी ६.५ मिलिव्होल्टची चूक, म्हणजे ०.१ पीएच, आणि दर १० अंशांना हा करंट साधारण दुप्पट होतो. एलएमसी६४८२ घ्या, त्याचा बायस करंट फेम्टोॲम्पिअरमध्ये (पिकोच्या हजाराव्या भागात) आहे.

मांडणी सोपी. ९ व्होल्टची बॅटरी, एलपी२९५० रेग्युलेटरने ५ व्होल्ट, आणि टीएल४३१ ला १ किलोओहममधून करंट देऊन २.५ व्होल्टचा संदर्भ. इलेक्ट्रोडची संदर्भ बाजू त्यावर. चिपचा पहिला अर्धा भाग नुसता फॉलोअर, म्हणजे इनपुटचं व्होल्टेज जसंच्या तसं पुढे देणारा. मग १६० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर: १ हर्ट्झच्या वरचं कापलं जातं, विजेच्या लाइनची ५० हर्ट्झची गुणगुण पन्नासपट उतरते. दुसऱ्या अर्ध्यात ३० आणि १० किलोओहम, गेन ४. सप्लायच्या पिनांना चिकटून ०.१ मायक्रोफॅरड. इनपुटच्या संरक्षणासाठी १एन४१४८ डायोड लावू नका, त्याची गळती नॅनोॲम्पिअरमध्ये असते. १० किलोओहम सिरीजमध्ये पुरे.

सर्किट जानेवारीत झकास चालतं आणि मिरग लागला की आकडे सरकू लागतात. लोक चिप बदलतात. दोष बहुधा बोर्डाचा असतो: सोल्डरिंगच्या फ्लक्सचा थर, बोटांचं मीठ, त्यावर दमट हवा. ५ व्होल्टच्या ट्रॅकपासून इनपुटपर्यंत १ गिगओहमची वाट तयार झाली तरी इनपुट सुमारे २२७ मिलिव्होल्ट सरकतं, जवळजवळ ४ पीएच! चिपची ३ नंबरची पिन इनपुट, आणि शेजारच्या ४ नंबरवर ० व्होल्ट. म्हणून ३ नंबरची पिन वाकवून हवेतच ठेवा आणि टेफ्लॉनच्या खुंटीवर जोडा. तसं जमत नसेल तर तिच्याभोवती तांब्याचं गार्ड रिंग (पिनेला वेढणारा ट्रॅक) काढा, त्यावरचा सोल्डर मास्क (बोर्डाचा रंगीत थर) काढून टाका आणि ते फॉलोअरच्या आउटपुटला जोडा. दोन्हीकडे व्होल्टेज सारखं, मग करंट वाहणार कशाला? बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मग डीआयोनाइज्ड पाण्याने धुवा, ६० अंशांवर तास-दोन तास वाळवा. पुढे इनपुटला हात लावायचा नाही.

तपासणी इलेक्ट्रोडशिवाय करा. बीएनसी (इलेक्ट्रोड जोडायचं सॉकेट) शॉर्ट केल्यावर आउटपुट २.५ व्होल्टच्या आसपास हवं. ऑफसेटमुळे (चिपच्या स्वतःच्या किंचित चुकीमुळे) १२ मिलिव्होल्टपर्यंत फरक चालेल. मग शॉर्ट काढून १० मेगओहमचे दहा रेझिस्टर हवेतच सिरीजमध्ये जोडून लावा. आता आउटपुट जितकं सरकेल त्यात दर ०.४ मिलिव्होल्टमागे १ पिकोॲम्पिअर गळती. बोर्डावर जवळून ‘हाऽ’ करून तोंडाची दमट वाफ सोडा. आकडा हलला तर पुन्हा धुवा. फॉलोअरच्या आधी मल्टिमीटर लावू नका: त्याचा स्वतःचा रोध १० मेगओहम, म्हणजे तो सिग्नलचा अकरावा भागच दाखवील. केबल हलली तरी आकडा नाचतो, ती बांधून ठेवा.

हे सगळं जमल्यावरच कन्फॉर्मल कोटिंग (बोर्डावरचा संरक्षक लेप), आधी नाही. नाहीतर घाण आत कोंडली जाते. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. कॅलिब्रेशन ७.०० आणि ४.०१ च्या बफरने, आणि पाण्याचं तापमान नोंदवूनच: ३० अंशांना एका पीएचचे ६०.१५ मिलिव्होल्ट होतात.