पायथनचा प्रोग्राम फोनवर चढवण्याआधी

संत्र्याच्या आंबिया बहारात नागपूरच्या कळमना बाजारातल्या मामांच्या आडतीसाठी मी क्रेटचा हिशेब ठेवणारं अ‍ॅप केलं होतं. कोणत्या शेतकऱ्याकडे किती क्रेट गेले, किती परत आले, एवढंच. पाच फोनवर चांगलं चाललं. दुसरी आवृत्ती टाकायला गेलो आणि पाचही फोनवरचा हिशेब गेला. आता मृग बहाराची संत्री यायच्या आत तेच काम पुन्हा करायचंय, म्हणून हे लिहून ठेवतोय.

पायथन, कीवी (पायथनमध्ये अ‍ॅपचे पडदे करायचं साधन), बिल्डोझर (त्यातून फोनवर बसवायची फाइल बनवणारं साधन) हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. बिल्डोझर विंडोजवर थेट चालत नाही. लिनक्स हवं, नाहीतर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स), आणि प्रोजेक्ट त्याच्या आतल्या होम फोल्डरात ठेवा, सी ड्राइव्हवर नको. पहिल्या बिल्डला, म्हणजे कोडमधून अ‍ॅप बनवताना, एसडीके-एनडीके ही अँड्रॉइडची साधनं मिळून काही जीबी उतरतात, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसू नका.

आता चावी. इथेच माझा घात झाला, म्हणून कोडच्या आधी हे करा. प्रत्येक एपीकेवर, म्हणजे अ‍ॅप बसवायच्या फाइलवर, एका चावीची (सही करायच्या गुप्त फाइलची) सही असते. तुम्ही काहीच केलं नाही तर पहिल्या बिल्डला डीबगची (चाचणीपुरती) चावी आपोआप तयार होते आणि होम फोल्डरातल्या एका लपलेल्या फोल्डरात जाऊन बसते. ती आहे हेच मला माहीत नव्हतं. डीबगचीच एपीके सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. मग लॅपटॉप फॉरमॅट केला. नव्या बिल्डला नवी चावी आली, आणि नाव तेच, सही वेगळी म्हटल्यावर अँड्रॉइड जुन्या अ‍ॅपवर नवं बसवतच नाही. जुनं काढावं लागतं, आणि अ‍ॅप काढलं की त्याच्या आतला डेटाही जातो. मामांना सगळ्या शेतकऱ्यांना फोन करून आकडे विचारावे लागले.

म्हणून कीटूलने (जावासोबत येणारं चावी बनवायचं साधन) स्वतःची चावी बनवा, मुदत १०,००० दिवस द्या, रिलीज बिल्ड (लोकांना वाटायची) त्याच चावीने करा. फाइल पेनड्राइव्हवर, अजून एक प्रत घरातल्या दुसऱ्या संगणकावर, पासवर्ड आणि चावीचं टोपणनाव वहीत. दोन्ही ठिकाणची प्रत उघडते का, तेही पाहा.

मग स्पेक फाइल, म्हणजे बिल्डोझरला द्यायच्या सूचनांची फाइल. मुख्य फाइलचं नाव मेन.पीवाय हवंच. आत घ्यायच्या फाइलींच्या यादीत मुळात पीवाय, पीएनजी, जेपीजी, केव्ही, अ‍ॅटलस एवढेच प्रकार असतात. टीटीएफ (फॉन्टची फाइल), जेसन (डेटाची फाइल) स्वतः लिहा. कीवीच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे फॉन्ट सोबत दिला नाही तर ‘संत्रा’च्या जागी चौकोन दिसतात. एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) वापरत असाल तर स्पेक फाइलमधल्या रिक्वायरमेंट्सच्या (लागणाऱ्या लायब्ररींच्या) यादीत त्याचं नाव लिहा. लॅपटॉपवर ते पायथनसोबत येतं, फोनवर आपोआप येत नाही, आणि अ‍ॅप उघडताच बंद पडतं. नुसत्या बेरजा करायच्या असतील तर पांडाज (तक्त्यांच्या हिशेबाची मोठी लायब्ररी) आत ओढू नका, एपीके उगाच फुगते. डेटाबेस प्रोग्रामच्या फाइलींशेजारी न ठेवता कीवी देतं त्या युजर डेटा फोल्डरात ठेवा, आणि हिशेब बाहेर काढायचं बटण पहिल्याच आवृत्तीत द्या.

चावीची प्रत घेतली का? नसेल तर बिल्ड करू नका.

बाकी भराभर. अ‍ॅप बंद पडलं की अंदाज नको, एडीबीचा लॉगकॅट (फोन संगणकाला जोडून दिसणारी चुकांची नोंद) वाचा. आवृत्तीचा आकडा दर वेळी वाढवा. प्ले स्टोअरला एएबी (एपीकेऐवजी तिथे द्यायची फाइल) लागते, ऑगस्ट २०२१ पासून नव्या अ‍ॅपची एपीके तिथे घेत नाहीत. आपसांत वाटायला एपीके पुरते.

आणि वाटण्याआधी एका फोनवर जुनी आवृत्ती टाका, दोन-चार खोट्या नोंदी करा, जुनी न काढता तिच्यावर नवी बसवा. नोंदी दिसल्या तरच मामांना पाठवा.