जॅक-अप रिग उभी करताना आणि काढताना समुद्रतळाबाबत या चुका टाळा

सोलापूरला समुद्र नाही. तरी समुद्रतळाचा पहिला धडा मला उजनीच्या काठावर मिळाला. मे महिन्यात धरणाचं पाणी मागे हटतं, उघड्या पडलेल्या गाळावर उन्हाने पोपडा धरतो आणि तो इतका कडक वाटतो की माणूस सरळ चालू लागतो. चार पावलं नीट पडतात. पाचव्याला पोपडा फुटतो आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. रिगचा पाय तळाला टेकताना मला दर वेळी ते पाचवं पाऊल आठवतं. सोलापुरात सिव्हिल शिकणारी मुलं या कामाबद्दल विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

जॅक-अप रिग म्हणजे समुद्रात तेलविहीर खोदणारं फिरतं यंत्र-फलाट. ती तरंगत जागेवर येते, पाय खाली सोडते आणि त्यांच्यावर स्वतःला पाण्याबाहेर उचलते. १९७४ साली मुंबई हायला तेल शोधणारी 'सागर सम्राट' जॅक-अपच होती. पाय बहुधा तीन असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला १० ते २० मीटर व्यासाचा पोलादी स्पडकॅन, म्हणजे तळावर टेकणारा रुंद तळवा, असतो. पुढे वादळात पायावर जो भार येईल तो आधीच देऊन बघायचा म्हणून टाक्यांत समुद्राचं पाणी भरतात. हाच प्रीलोड. आणि बहुतेक घात इथेच होतो.

पहिली चूक म्हणजे वरचा थर घट्ट लागला की निर्धास्त होणं. हिशोब करून बघा. १४ मीटर व्यासाच्या स्पडकॅनचं क्षेत्रफळ साधारण १५४ चौरस मीटर. पायावर ५,००० टन आले, तर दर चौरस मीटरवर सुमारे ३२ टन. समजा वर वाळूचा थर आहे आणि त्याखाली मऊ चिकणमाती, जिची कातर-ताकद (मातीचे थर एकमेकांवरून घसरू न देणारी ताकद) चौरस मीटरला ३ टन आहे. खोल गेलेल्या स्पडकॅनखाली अशी माती ढोबळमानाने ताकदीच्या नऊपट, म्हणजे २७ टन पेलते. वाळू भार पसरवते तोवर सगळं ठीक. एका क्षणी वाळूचा गट्टाच चिकणमातीत ढकलला जातो आणि पाय काही मीटर खाली निसटतो. याला पंच-थ्रू म्हणतात. जॅकिंगचा, म्हणजे पाय वर-खाली करणाऱ्या यंत्रांचा, वेग त्याला गाठू शकत नाही. हल, म्हणजे रिगचं तरंगणारं धड, तिरकी होते, पाय वाकतात, माणसं जायबंदी होतात.

म्हणून बोअरहोल (माती तपासायला तळात घेतलेलं भोक) अर्धवट सोडू नका. पाय जिथवर जाईल असा अंदाज आहे, त्याखाली आणखी किमान दीड व्यास माती कळलीच पाहिजे. बोअर पायांच्या जागीच हवा. शेजारच्या प्लॅटफॉर्मचा जुना रिपोर्ट चालवून घेऊ नका. आपल्याकडे एका बांधावर खडक आणि पन्नास फुटांवर काळी माती लागते, तळाचंही तसंच आहे. प्रीलोड देताना हल पाण्यात किंवा पाण्यापासून दीड मीटरच्या आत ठेवा, म्हणजे पाय निसटलाच तर पाणी हलला धरतं. धोका दिसत असेल तर एका वेळी एकाच पायावर भार द्या. पाय थांबला म्हणून लगेच पाणी सोडू नका, भार तसाच ठेवून बसणं थांबतंय का बघा. पश्चिम किनाऱ्यावर शिंपल्यांच्या चुऱ्याची, चुनखडीयुक्त वाळूही लागते. तिचे कण दाबाखाली चुरडतात, त्यामुळे साध्या वाळूची सूत्रं तिला डोळे झाकून लावू नयेत.

दुसरी मोठी चूक म्हणजे जुने खड्डे विसरणं. आधीची रिग निघून जाते, तिच्या स्पडकॅनचे खड्डे राहतात. नवा पाय खड्ड्याच्या मध्यापासून अर्धा ते एक व्यास अंतरावर पडला तर तो उताराने आत सरकू पाहतो आणि वाकतो. एका कामावर आमच्या नकाशात असा खड्डा दाखवलेलाच नव्हता. मी दर दहा मिनिटांनी पायाच्या तिन्ही उभ्या दांड्यांच्या रॅकची (दातेरी पट्ट्यांची) मापं वहीत लिहीत होतो. दोन जुळत होती, तिसरं दर नोंदीला थोडं पुढे जात होतं. हे लक्षण दिसलं की भार वाढवायचा नाही. आम्ही थांबलो, पाय वर घेतला, तळाचा सर्व्हे पुन्हा केला आणि खड्डा सापडला. तीन दिवस गेले, पण पायाच्या तिरप्या नळ्या शाबूत राहिल्या. खड्डा टाळता येत नसेल, तर आधी खडी टाकून भरता येतो. पायांचं अंतर तेच असलेली रिग असेल, तर नेमकी जुन्याच खड्ड्यांत बसवता येते.

प्लॅटफॉर्मखाली पडलेले पाइप, वायररोप, जवळची पाइपलाइन, मातीतला उथळ गॅस या गोष्टी सर्व्हेत तपासायच्याच. वाळूच्या तळावर प्रवाहामुळे स्पडकॅनखालची वाळू वाहून जाते, तिकडे रिग उभी असेपर्यंत लक्ष हवं.

आता पाय काढणं. याचा विचार बसवण्याआधीच करायला हवा, आणि तोच राहून जातो. चिखलात रुतलेला पाय जोराने ओढला की चप्पल आत राहते. टाच हलवून खाली हवा शिरू दिली की पाय सुटतो. स्पडकॅनखालीही तसंच शोषण होतं, शिवाय वर माती ढासळून बसलेली असते. रिग वर्ष-दोन वर्षं उभी असेल तर खालची माती आणखी घट्ट होते. तिथे हवेचं काम जेटिंगचं, म्हणजे स्पडकॅनच्या नोझलमधून दाबाने सोडलेलं, पाणी करतं. नोझल चोक आहेत का हे पाय खाली सोडण्यापूर्वी तपासा, नंतर तिथे हात पोचत नाही. हल ठरलेल्या मर्यादेतच पाण्यात उतरवून तिच्या उचलीचा ताण पायावर धरा, खालून पाणी सोडा आणि तासन्‌तास वाट बघा. झटके देऊ नका. एक पाय सुटला की हल एकदम झुकते, म्हणून बाकीच्या पायांवर माणसं तयार ठेवा.

शेवटचा पाय सुटल्यावर सगळ्यांना घरी जायची घाई असते. तरी रिग ओढून न्यायला टो लागण्याआधी तिन्ही खड्ड्यांची जागा, पाय किती खोल गेला होता आणि किती ताणाने सुटला हे लिहून त्या प्लॅटफॉर्मच्या फाइलला लावा. पुढची रिग येईल तेव्हा तिथला इंजिनिअर हाच कागद शोधणार आहे.