शिशाच्या फेसात जस्त घुसत होतं

आमच्या मराठवाड्यात खाली नुसता काळा कातळ. खनिज होतं राजस्थानातल्या जावरच्या खाणीतलं, शिसं आणि जस्त एकत्र असलेलं. जालन्यातल्या छोट्या प्रयोगशाळेत आठवडाभर त्याच्याशी झटलो. दळलेल्या खनिजाच्या पाण्यात हवा सोडून आधी शिशाचे कण फेसाबरोबर वर काढायचे होते, पण त्या फेसात जस्त येतच राहायचं. कणांना फेसाच्या बुडबुड्यांशी चिकटवणारं रसायन, झँथेट, कमी केलं की शिसंही रुसायचं.

दोष झँथेटचा नव्हताच. खनिजाचं पोतं पावसाळाभर ओलाव्यात उघडं पडलेलं. गॅलेनाला, म्हणजे शिशाच्या खनिजाला, हवा लागून शिशाचे आयन पाण्यात उतरले आणि स्फॅलेराइटच्या, म्हणजे जस्ताच्या खनिजाच्या, कणांवर जाऊन बसले. मग झँथेटला जस्तही शिशासारखंच दिसणार! वर आमचं बोअरचं जड, कॅल्शियमवालं पाणी.

जस्ताला फेसात येण्यापासून रोखणारं झिंक सल्फेट मी सेलमध्ये, म्हणजे फेस काढायच्या टाकीत, टाकत होतो, फार उशिरा. ते बॉल मिलमध्ये दळतानाच टाकलं, सोबत धुण्याचा सोडा. सोड्यामुळे विरघळलेलं शिसं आणि कॅल्शियम कार्बोनेट होऊन बाजूला पडतं, सामूही 9 च्या आसपास टिकतो. याच कामाला वापरतात त्या सायनाइडला हात लावला नाही, आमच्याकडे ती सोय नाही.

फेस चकचकीत करडा आला. तो काढून घेतल्यावर चुन्याने सामू 11 पर्यंत नेला, जस्ताला पुन्हा जागं करायला मोरचूद घातलं (तेच, द्राक्षबागेतल्या बोर्डोतलं) आणि पुन्हा झँथेट. आता तपकिरी फेस वर आला, जस्ताचा.