खासगी शाळेतील उपक्रमांतून पाल्यासाठी निवड कशी करावी

गोव्यातील शाळेच्या माहितीपत्रकात उपक्रमांची लांबलचक यादी असली, तरी पालकांनी प्रथम वेळापत्रक मागून घ्यावे, कारण आठवड्यातून एकदा अर्धा तास भरणारा तबल्याचा वर्ग आणि नियमित रियाज करून घेणारा वर्ग यांत फार अंतर असते. शिक्षक वर्षभर शिकवतात की केवळ स्नेहसंमेलनापुरते येतात, हेही विचारावे. मैदानी खेळ निवडायचा असल्यास जून ते सप्टेंबरच्या पावसात सराव कुठे होतो, याची चौकशी करावी. एका वेळी दोन उपक्रम पुरेत.

संगीताचा विचार मात्र सावकाश करावा. ज्या गोव्यातील केरी गावच्या गायिका केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, त्या गोव्यातील मुलाला निदान घुमट या मातीच्या तालवाद्याचा ठेका धरता यावा, असे मला मनापासून वाटते. शाळेत घुमट असल्यास त्यावर बकऱ्याचे कातडे आहे ना, हे अवश्य पाहावे. पूर्वी त्यासाठी घोरपडीचे कातडे वापरीत, परंतु आता तो संरक्षित प्राणी आहे.

शाळेत सोय नसलेल्या विषयांसाठी पणजीतील कला अकादमी आणि मिरामारचे विज्ञान केंद्र जवळ आहेत. पक्षिनिरीक्षणाची आवड असलेल्या मुलांसाठी शिक्षकांना हिवाळ्यातील एखादी सकाळ सुचवावी आणि रायबंदरहून फेरीबोटीने चोडणच्या सलीम अली अभयारण्यात सहल न्यावी. सोबत दुर्बीण व नोंदवही असावी.